चेहरा स्वतःचाच हवा

सकाळी पावणेअकरा वाजता काकासाहेब औताडे यांना एका एडक्याने खोटं पाडलं.

एडका तपकिरी होता, त्याची शिंगं दोन्ही बाजूंनी गोल वळलेली होती आणि तो सरळ काकासाहेबांच्या डोळ्यांत बघत होता. शेजारी 'देवगावकर' असं नाव होतं. खाली लिहिलं होतं, "वैजापूरच्या सामन्यात पकड झालीच नव्हती. चढाईवाल्याचा हात मध्यरेषेला लागला होता. पंचाने शिट्टी चुकीची मारली."

काकासाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. ते पाण्याशी संबंधित एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक होते. पाऊस सलग तिसऱ्या वर्षी न आल्यामुळे कार्यालयाकडे वाटायला काही उरलं नव्हतं. टंचाईचे तक्ते वर पाठवले की दिवसाचं काम संपे. उरलेल्या वेळात ते 'कबड्डी कट्टा' नावाची वेबसाइट अध्यक्ष म्हणून चालवत. तिच्यावर मराठवाड्यातले दोनशे चौदा आजी-माजी खेळाडू, प्रशिक्षक आणि नुसतेच बोलणारे एकमेकांना कबड्डीचे नियम समजावून सांगत असत. वेबसाइट त्यांचा पुतण्या शिवराज याची होती. तो बायपासला प्लॉटिंग करायचा. शहर चहूबाजूंनी शेतात घुसत होतं आणि शिवराज त्याच्या दोन पावलं पुढे चालत होता. अशाच एका प्लॉटिंगसाठी घेतलेली वेबसाइट रिकामी पडली होती, ती त्याने काकांना दिली. व्हॉट्सअ‍ॅपवर कोण ग्रुप सोडून गेलं ते सगळ्यांना दिसतं, वेबसाइटवर कुणाला कळत नाही, म्हणून काकांनाही ती पसंत पडली.

आता पकडीविषयी. १९८७ साली वैजापूरच्या अंतिम सामन्यात, दोन्ही संघांचे गुण सारखे असताना, शेवटच्या चढाईला बिभीषण नावाचा गडी आला होता. तो परत फिरताना काकासाहेबांनी त्याचा घोटा धरला. शिट्टी वाजली, सामना जिंकला. त्यानंतरच्या एकोणतीस वर्षांत काकासाहेबांचं लग्न झालं, चार बदल्या झाल्या, दोन मुली शिकून नोकरीला लागल्या. पण कुणी त्यांची ओळख करून द्यायला उभं राहिलं की सुरुवात घोट्यापासून व्हायची आणि बहुतेक वेळा शेवटही तिथंच.

यंदा तर त्या घोट्यावर बरंच काही उभं राहणार होतं. शिवराजच्या नव्या प्लॉटिंगमध्ये नियमाप्रमाणे एक मोकळी जागा सोडावी लागली होती. तिचं 'काकासाहेब औताडे क्रीडांगण' असं नामकरण अक्षय तृतीयेला व्हायचं होतं. फलक रंगवून तयार होता, त्याचा फोटो कट्ट्यावरही लागला होता. नावाखाली 'वैजापूरच्या ऐतिहासिक पकडीचे मानकरी' अशी ओळ होती. आणि सहा आठवडे आधी हा एडका उगवला.

काकासाहेबांनी त्याला उत्तर लिहिलं. एडक्याने उलट उत्तर दिलं. तिसऱ्या दिवशी एका सदस्याने विचारलं, "एडका म्हणतो त्यात तथ्य आहे का?" हे वाक्य वाचून काकासाहेब तिरीमिरीत घरी आले.

"एडक्याशी भांडायला लागलात आता?" त्यांच्या पत्नी आवडाबाई म्हणाल्या. नळ चौथ्या दिवशी आला होता आणि त्या टाकी भरत होत्या.

"एडका नाही तो. त्याच्यामागं माणूस आहे."

"मग माणसाशी भांडा."

"माणूस दिसत असता तर भांडलो नसतो का? समोर येऊन बोलायची हिंमत नाही. शिंगं दाखवतोय."

"तेवढा पाइप धरा. जरा वर. पाणी जाईल आता."

काकासाहेबांनी पाइप धरला. पाणी गेलं तेव्हा त्यांच्या डोक्यात पहिला नियम तयार झाला होता.

नियम क्रमांक एक: सदस्यांनी प्राण्यांची अथवा पक्ष्यांची छायाचित्रे लावू नयेत, ती खेळाच्या प्रतिष्ठेला अनुचित आहेत.

नियम एका एडक्यासाठी केला होता. तो एकेचाळीस जणांना लागला, त्यात सव्वीस वाघ होते. वाघांनी दुपारपर्यंत निषेध नोंदवला. 'वाघ हा प्राणी नसून स्वभाव आहे' असा मुद्दा एकाने मांडला आणि बाकीच्या पंचवीस जणांनी त्याला अंगठा दिला. बैलवाल्यांचं म्हणणं होतं की बैल घरचा सदस्य आहे आणि अनुचित म्हणणाऱ्याने आधी गोठ्यात येऊन दाखवावं. काकासाहेब हटले नाहीत. एडका मात्र काही न बोलता गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी पाण्याचा टँकर उभा होता आणि टँकर म्हणत होता, "पकड नव्हती."

नियम क्रमांक दोन: वाहने लावू नयेत.

बुलेटवाले चिडले. ट्रॅक्टरवाल्याने लिहिलं की ट्रॅक्टर हे अवजार आहे, वाहन नाही, आणि आपण हे तहसीलमध्येही सिद्ध केलेलं आहे. देवगावकरने टँकर काढून कोरडी विहीर लावली. काकासाहेबांनी विहिरी, नद्या, डोंगर व इतर निसर्गदृश्ये बंद केली. फुलांना मात्र हात लावला नाही, कारण दोन महिला प्रशिक्षकांनी गुलाब लावले होते आणि त्या दोघींशी वाद घालायची त्यांची तयारी नव्हती. तिसऱ्या दिवशी देवगावकर गुलाब झाला. टपोरा, दवबिंदू असलेला. "पकड नव्हती," गुलाब म्हणाला, "आणि रेघही नव्हती."

"काका, टेन्शन कामून घेता?" शिवराज फोनवर म्हणाला. "लिहू द्या ना. कोण वाचतंय?"

"दोनशे चौदा जण वाचतात. तुझ्या फलकावर काय लिहिलंय?"

"ऐतिहासिक पकड."

"आणि एक गुलाब म्हणतोय पकडच झाली नाही. उद्या फलकासमोर उभं राहून कुणी हसलं तर?"

शिवराज विचारात पडला. क्रीडांगणासमोरचे प्लॉट तो 'ऐतिहासिक क्रीडांगणासमोर' म्हणून दाखवत होता. "मग करा नियम," तो म्हणाला. "पण आता एकदाच काय तो करा."

काकासाहेबांनी एकदाच काय तो करायचा म्हणून सगळ्या सदस्यांचे फोटो नीट बघितले आणि त्यांचा राग एडक्यावरून उडून सगळ्या मराठवाड्यावर पसरला. एकोणीस जण स्वतःच्या बाळांच्या तोंडाने बोलत होते. टोपडं घातलेलं, सहा महिन्यांचं एक बाळ पंचांच्या आईबहिणीवर उतरलं होतं. नऊ जणांनी वाढदिवसाच्या फ्लेक्सचा फोटो लावला होता. त्यात प्रत्येकी पंधरा-वीस शुभेच्छुक, त्यामुळे बोलतंय कोण हे कळायला मार्ग नव्हता. कुणी नेते लावले होते, कुणी देव. दोन देव बोनस गुणावरून एकमेकांना 'तुला अक्कल आहे का' असं विचारत होते.

देव आणि नेते काढा म्हटल्यावर निवेदन निघालं. 'आमचं दैवत अनुचित कसं?' असा प्रश्न विचारणारे चौघे कार्यालयात येऊन बसले. काकासाहेबांनी त्यांना पाणी दिलं, स्वतःच्या घरून आणलेलं, आणि सांगितलं की दैवत अनुचित नाही, आपण बोलतो ते अनुचित आहे, दैवताच्या तोंडी ते शोभत नाही. चौघांनी आपापलं शेवटचं लिखाण मोबाइलवर काढून वाचलं आणि मुकाट्याने उठून गेले.

अशा रीतीने नियम क्रमांक सात तयार झाला. फोटो स्वतःच्याच चेहऱ्याचा हवा. पासपोर्ट पद्धतीचा हवा. सहा महिन्यांच्या आतला हवा. दोन्ही कान दिसले पाहिजेत. गॉगल, टोपी, फिल्टर चालणार नाही. पंधरा दिवसांत फोटो न बदलल्यास खातं आपोआप बंद.

"कट्टा हाय का पासपोर्ट ऑफिस?" शिवराजने विचारलं.

"गुलाबाला कान असतात का? नाही. मग झालं."

सदस्यांनी संताप व्यक्त केला आणि फोटो काढायला निघाले. शहरातल्या औरंगपुऱ्यात एक जुना फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो म्हटलं की कोट पाहिजे, अशी आपल्याकडे समजूत आहे. स्टुडिओत कोट एकच होता, गडद निळा, लाल टायसकट. बारीक माणसाला तो पाठीमागून कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी घट्ट करत, जाड्या माणसाला पुढून नुसता टेकवत. फोटोत दोन्ही सारखेच दिसत. दहा दिवसांत कट्ट्यावरचे एकशे तीस सदस्य त्या कोटात आले. वाघ कोटात आले, बैल कोटात आले, देवसुद्धा मिशी कोरून, कोट घालून आले. मागे तोच आकाशी पडदा, चेहऱ्यावर तेच फौजदारी खटल्यात अडकल्यासारखे भाव. एकाच माणसाला एकशे तीस डोकी फुटावीत तसा कट्टा दिसू लागला.

आधी एडका काय म्हणाला, ट्रॅक्टर काय म्हणाला हे लोकांच्या लक्षात राहायचं. आता कुणी कुणाला काय म्हटलं तेच कळेना. "कोटवाले भाऊ, तुम्हाला बोललो नाही, दुसऱ्या कोटाला बोललो," असे खुलासे पडू लागले. एकाने रागाच्या भरात सलग चार दिवस भलत्याच माणसाशी भांडण केलं आणि पाचव्या दिवशी दोघांनी मिळून नियम क्रमांक सातला शिव्या दिल्या.

पण देवगावकरचं खातं बंद पडलं. काकासाहेब दोन दिवस शांत झोपले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी कट्टा उघडला तर 'आपले खाते नियम क्रमांक सातनुसार बंद करण्यात आले आहे' अशी पाटी आली. त्यांनी शिवराजला फोन लावला.

"काका, तुमचा फोटो कोणता हाय?"

त्यांचा फोटो वैजापूरच्या मैदानावरचा होता. हाफ पँट, डोक्यावर दाट कुरळे केस, मांडीवर थोपटलेला हात.

"एकोणतीस वर्षं जुना हाय तो. कुणीतरी तक्रार केली, सिस्टीमनं बंद केलं. माझ्या हातात नाय आता. नियम तुमचाच हाय."

"अध्यक्षाला नियम लागतो?"

"तसं लिहायचं राह्यलं ना तुमचं."

दुसऱ्या दिवशी, एप्रिलच्या भर उन्हात, काकासाहेब औरंगपुऱ्यातल्या स्टुडिओत कोटाच्या रांगेत बसले. केस केव्हाच गेले होते. मिशी पांढरी झाली होती. समोर सत्तरी ओलांडलेला एक म्हातारा पागोटं मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्याबरोबर कॉलेजात शिकणारी नात होती.

"तुम्ही पण कट्ट्यावर?" काकासाहेबांनी विचारलं.

"व्हय," म्हातारा म्हणाला. "पोरगी लिहिती, म्या सांगतो. फोटू पायजे म्हणत्यात. आजपस्तोर कुणी माझं थोबाड मागितलं नव्हतं."

"एका हरामखोरामुळं हे सगळं करावं लागलं, बाबा. एडक्याचा फोटो लावून लिहायचा. तोंड लपवून. एडका झाला, टँकर झाला, शेवटी गुलाब झाला. एक दिवस सापडला पाहिजे मला."

"सापडल्यावर काय करताल?"

"विचारीन, तू तिथं होतास का म्हणून. तू बघितलं का डोळ्यानं? नसशील बघितलं तर तुझा काय संबंध?"

नात आजोबांकडे बघू लागली. आजोबा पागोट्याची घडी नीट करू लागले.

"काकासाब, आओ," फोटोग्राफरने हाक मारली. "कोट पहनो. चाचा, जरा पीछे से चिमटा लगाओ ना इनकू, मेरे हाथ में कॅमेरा है."

म्हातारा उठला. त्याने काकासाहेबांच्या पाठीमागे उभं राहून कोट ओढला आणि एकेक चिमटा लावू लागला.

"म्या तिथं होतो, सायेब," तो पाठीमागून म्हणाला.

"कुठं?"

"वैजापूरला. त्यो एडका माझाच हाय. देवगावचा मी, देवगाव रंगारीचा. सांडू म्हणत्यात मला."

काकासाहेब गर्रकन वळले. चिमटे तटातट सुटून फरशीवर पडले.

"हिलो मत ना, काकासाब," फोटोग्राफर म्हणाला.

"तुम्ही? या वयात? लाज नाही वाटत? आणि बघितलं काय होतं तुम्ही, लोकांच्या घोळक्यातून?"

"घोळक्यात नव्हतो. मी पंच होतो."

काकासाहेबांनी चष्मा पुसून परत लावला. एकोणतीस वर्षांपूर्वी त्यांनी पंचाची शिट्टी ऐकली होती. चेहरा बघितला नव्हता.

"तुमचे केस गेले म्हणून वळखू आले नाय," सांडूबाबा म्हणाले. "आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. म्या शाळेत शिपाई लागलो, पंचाची परीक्षा पास झालो. तालुक्यातला पयला. सातशे सामने केले. एकबी शिट्टी न बघता मारली नाय. ती एक सोडून."

"म्हणजे?"

"दुष्काळाचं साल होतं. मैदानावर शिंपडायला पाणी नव्हतं. फक्कीची रेघ पयल्या पाच मिनिटात उडून गेली. शेवटच्या चढाईला निस्ता धुराळा. त्यात तुमचं दोघांचं गाठुडं दिसलं. तिकडं मुक्कामाची यष्टी निघाली होती, डायवर हॉर्नवर हॉर्न देऊन राह्यला. ती चुकली असती तर मेंढरं रातभर मोकळी राह्यली असती. म्या शिट्टी मारली अन्‌ पळालो."

"म्हणजे पकड झाली नव्हती?"

"असं म्या कुठं म्हणलं? म्हायती नाय."

"म्हायती नाय?" काकासाहेबांचा आवाज चिरकला. "मग महिनाभर 'पकड नव्हती, पकड नव्हती' म्हणून लिहिताय ते काय?"

"म्हणलं, कुणीतरी चिडून उठंल अन्‌ खरं काय झालं ते सांगंल. कुणी उठलं नाय. तुम्ही निस्ते फोटू बंद करत राह्यले." म्हाताऱ्याचाही आवाज चढला. "तुम्ही तर घोटा धरला होता ना? तुम्हीच सांगा. त्याचा हात लागला व्हता का रेघंला?"

काकासाहेब कोटाचं बटण चाचपू लागले.

"बोला की."

"माझं तोंड मातीत होतं," काकासाहेब म्हणाले. "डोळे मिटलेले होते. शिट्टी वाजली, लोकांनी उचललं. मला वाटलं, पंचाने बघितलं असेल."

"अन्‌ मला वाटलं, धरणाऱ्याला तरी कळलं आसंल."

दोघेही एकमेकांकडे असे बघू लागले की फोटोग्राफरने मध्ये येऊन कोट काढून घेतला.

"एकोणतीस वर्षं मी लोकांना सांगत फिरलो," काकासाहेब म्हणाले.

"म्याबी एकोणतीस वर्षं कुणाला सांगितलं नाय. तुमच्यापेक्षा मला जड गेलं. अन्‌ आता तीच एक शिट्टी तुम्ही फळ्यावर रंगवून राह्यले."

फोटो दोघांचेही निघाले, त्याच कोटात. सांडूबाबांचा फोटो नियम क्रमांक सातच्या सगळ्या अटींत बसत होता. दोन्ही कान तर चांगलेच दिसत होते. काकासाहेबांनी तो तीनदा तपासला, एखादी खोट सापडते का बघितलं, सापडली नाही, आणि शिवराजला फोन करून दोन्ही खाती सुरू करून घेतली. मग रागारागाने, स्टुडिओच्या बाकावर बसूनच, दोघांनी आपापलं खरं लिहून टाकलं. पंचाने लिहिलं, मी बघितलं नाही. मानकऱ्याने लिहिलं, मलाही माहीत नाही.

तासाभरात कट्टा पेटला.

"हा म्हातारा कोण? देवगावकर म्हणजे एडका. एडक्याला कबड्डी कळत होती. हा कुणीतरी भाडोत्री आणून बसवलाय."

"एडक्याला परत आणा."

"आणि हे दुसरे टकले गृहस्थ कोण? अध्यक्षांचे केस दाट आहेत. मी स्वतः तीन वर्षं फोटोत बघतोय."

"काकासाहेब स्वतःच्या पकडीविषयी असं बोलतील का? खातं हॅक झालंय. हॅकरने घाईत स्टुडिओचा कोट घातलाय, यातच सगळं आलं."

काकासाहेबांनी लिहिलं की मीच काकासाहेब आहे. त्यावर, पुरावा म्हणून जुना फोटो लावा, अशी मागणी झाली. जुना फोटो लावायला नियम क्रमांक सातची बंदी होती. संध्याकाळपर्यंत तक्रारींची संख्या पुरेशी झाली आणि दोन्ही खाती पुन्हा बंद पडली, या वेळी तोतयेगिरीच्या कारणाखाली.

"कार्यक्रम रद्द कर," काकासाहेबांनी शिवराजला सांगितलं.

"काका, मंडप सांगितलाय. आमदार साहेबांची वेळ घेतली. आठ प्लॉटचे टोकन त्या मैदानावर झालेत. आता पकड झाली नाय म्हणून कसं चालेल?"

"झाली नाही असं नाही. माहीत नाही."

"मग झाली म्हणा ना. काय फरक पडतो?"

"मला पडतो."

"इतकी वर्षं नव्हता पडत."

हे खरं असल्यामुळे काकासाहेबांना जास्त राग आला. "इतकी वर्षं मला वाटत होतं की कुणीतरी बघितलंय," ते म्हणाले. "आता एकच माणूस उरला. बिभीषण. त्याचा हात होता, त्याला माहीत असणार. तो म्हणाला पकड झाली, तर येईन मी मंडपात. तो म्हणाला नाही झाली, तर फलक पुसायचा. आणि तो सांगत नाही तोवर मी तिकडं पाऊल टाकणार नाही."

आवडाबाई हे सगळं ऐकत होत्या. त्यांनी डबा बांधून दिला. "जावा," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून तो घोटा ऐकतेय मी. एकदा काय ते विचारून या."

अक्षय तृतीया दोन दिवसांवर होती. काकासाहेब सकाळच्या एसटीने निघाले. सांडूबाबांनी देवगावहून दोन गाड्या बदलल्या आणि वैजापूरच्या स्टँडवर दोघे भेटले. बिभीषणचा पत्ता विचारत, एकमेकांपासून चार हात अंतर ठेवून, ते मार्केट यार्डात पोचले.

बिभीषण आता कांद्याचा व्यापारी होता. एकेकाळी विजेसारखा पळणारा गडी कांद्याच्या ढिगाशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत मावत नव्हता. दोन्ही कानांना दोन फोन होते. काकासाहेबांनी नाव सांगितलं, साल सांगितलं, सामना सांगितला. बिभीषणने एक फोन खाली ठेवला.

"बसा बसा. च्या सांगू का?"

"चहा नको. त्या दिवशी तुमचा हात मध्यरेषेला लागला होता का?"

"कोणत्या दिवशी?"

"अंतिम सामना. शेवटची चढाई. मी तुमचा घोटा धरला होता."

बिभीषणने विचार केला. विचार करताना त्याचा एक डोळा ढिगावर होता. "तुम्हाला काय पायजे, ते बोला," तो म्हणाला. "लागला म्हणून लिहून देऊ का नाय लागला म्हणून? एवढ्या लांबून आलात, दोन्ही देतो."

"खरं काय ते पायजे," काकासाहेब आणि सांडूबाबा एकदमच म्हणाले.

"खरं म्हणजे कसं, मला ध्यानातच नाय."

"ध्यानात नाय?" सांडूबाबांनी काठी जमिनीवर आपटली. "आरं, म्या शिट्टी मारली होती त्याला. एकोणतीस वर्षं माझ्या जिवाला घोर हाय. अन्‌ तू कांदे इकतो?"

"बाबा, मग काय इकू?"

"उठा," काकासाहेब म्हणाले. त्यांनी चष्मा काढून सांडूबाबांच्या हातात दिला. "उभे राहा. आठवत नाही म्हणजे काय? मी आठवून देतो. ही समजा मध्यरेषा. तुम्ही इकडून परत फिरला होता. उजवा पाय मागं होता. असा."

हमाल काम थांबवून गोळा झाले. लिलावासाठी आलेले शेतकरी ट्रॉल्यांवर चढून बघू लागले. पाण्याशी संबंधित कार्यालयातले वरिष्ठ लिपिक कांद्याच्या सालपटांत पालथे पडले आणि त्यांनी दोन्ही हातांनी बिभीषणचा घोटा धरला. सांडूबाबा बाजूला वाकून उभे राहिले, एकाच्या हाताकडे आणि दुसऱ्याच्या पकडीकडे आळीपाळीने बघत. या वेळी त्यांनी पापणीसुद्धा लवू दिली नाही.

"आता सांगा," काकासाहेब खालून म्हणाले. "असंच धरलं होतं. हात पुढं गेला होता का नव्हता?"

बिभीषणने खाली बघितलं. त्याला त्या टकलाविषयी खरोखर वाईट वाटलं असावं, कारण त्याने दुसराही फोन खिशात ठेवला.

"असं बघा, सायेब," तो म्हणाला, "वैजापुरात धरलं, कन्नडला धरलं, शिल्लोडला तर जत्रंत चौघांनी धरलं. लई जणांनी धरलंय मला. तुम्ही त्यातले कोणते?"

गर्दीत कुणीतरी हसलं. सांडूबाबांनी त्याच्याकडे काठी उगारली.

काकासाहेबांच्या खिशात फोन वाजत होता. शिवराजचा असणार. मंडपवाला आला असणार. ते उठले नाहीत. त्यांनी घोट्याभोवती दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवली.

"आठवा," ते मातीत तोंड ठेवून म्हणाले.

"सायेब, लिलाव सुरू व्हायचाय."

"होऊ द्या."

बिभीषणने पाय ओढून बघितला, पुन्हा ओढून बघितला. मग त्याने मागची खुर्ची हाताने चाचपडून जवळ घेतली आणि तिच्यावर बसला. सांडूबाबांनी त्याच्या समोर कांद्याची एक गोणी ओढली आणि तेही बसले, नजर न हलवता. लिलावाचा पुकारा सुरू झाला, ट्रॉल्या पुढे सरकू लागल्या, आणि हमाल त्या तिघांना वळसा घालून गोण्या नेऊ लागले.